भेटीला आलेलं सहावं

७ जानेवारी

कंपनीच्या वकीलबाईंनी आज आम्हा चित्रकारांना एकेक जाड वही दिली. रोज लिहायचं: आज काय काढलं आणि ते कुठून सुचलं. "उद्या कोणी म्हणालं की आमचं ढापलंत, तर दाखवायला हाताशी काहीतरी हवं." मी पहिल्या पानावर लिहिलं, "वाकड्याची मान थोडी लांबवली. कुठून सुचलं: डोक्यातून." त्यांनी वाचून वही परत दिली. "डोक्यात कुठून आलं ते लिहा."

ते कळत असतं तर काय हवं होतं! म्हणून घरी ही दुसरी वही सुरू केली. ही त्यांना दाखवायची नाही.

माझं काम लोकांना समजावून सांगायचं म्हणजे वैताग असतो. व्हिडिओ गेममध्ये खेळणाऱ्याच्या अंगावर जे काही येतं ते मी काढते. सोळा वर्षं हेच करतेय. शेजारच्या काकू समजतात की मी लहान मुलांना चित्रकला शिकवते. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हापासून, म्हणजे दोन वर्षं, ते माझ्याकडे राहतात, पण माझं एकही चित्र त्यांनी धड पाहिलेलं नाही. छापखान्यात मुद्रितशोधक होते. चाळीस वर्षं लोकांच्या चुका काढल्या. म्हणतात, "पडद्यावरचं मला वाचता येत नाही." वाचायचंय काय त्यात? राक्षस आहेत.

नव्या खेळात एक माणूस एका लांबलचक इमारतीत जागा होतो आणि त्याला बाहेर पडायचं असतं. वाटेत सहा प्राणी. पाच झाले. सहावा, सगळ्यात शेवटचा, दारापाशी उभा असणारा, काही केल्या हाताला लागत नाही. आजही कागद कोराच.

१९ जानेवारी

खेळाचा पहिला तुकडा लोकांना खेळायला दिला. त्यात तीनच प्राणी आहेत. वाकड्या: एकाच पायावर उभा, उंच, मान वाकवून झोपलेल्यांवर ओणवणारा, डोकं काचेचं आणि त्यातून थेंब थेंब काहीतरी गळतंय. बिनतोंडी: पांढऱ्या, फक्त डोळे असलेल्या, पावलं न वाजवता येऊन कपाळाला हात लावणाऱ्या. आणि करकरी: चादर पांघरलेली, करकरत येते, करकरत जाते आणि गेली की एक जागा रिकामी झालेली असते.

आमचे प्रमुख खूश आहेत. त्यांना सगळे सेनापती म्हणतात, कारण ते कुठलंही काम 'मोहीम' म्हणूनच सांगतात. "मोहीम फत्ते! लोक टरकलेत. आता सहावा द्या."

खेळाला आवाज देणाऱ्याने पुन्हा विचारलं, बिनतोंडींच्या कुजबुजीत मधे मधे जिभेचं 'टक्' ठेवलंयस ते कशाला? मी म्हटलं, बरं वाटतं कानाला. तो म्हणाला, "मला तर भीती वाटते." त्याला बहुतेक बरं वाटतं म्हणजे काय ते कळलं नाही. मलाही नाही.

४ फेब्रुवारी

आज डोकं फिरलंय.

एक शिक्षिका आहेत, शाळेत भाषा शिकवतात आणि फावल्या वेळात लेख लिहितात: कुठल्या खेळातला कुठला प्राणी कुठल्या पुस्तकातून आला असावा. मी ते आवडीने वाचते. हा चिखलातला राक्षस एका जुन्या समुद्रकथेतून, ती डोळे विकणारी म्हातारी एका लोककथेतून, असं. बहुतेक अंदाजपंचेच असतं, पण बाई मन लावून लिहितात. आज त्यांचा लेख आमच्या खेळावर आहे.

त्यांच्या म्हणण्याप्रमाणे माझे तिन्ही प्राणी एकाच पुस्तकातले आहेत. पुस्तकाचं नाव 'भेटीला आलेले'. लेखकाचं नाव छापलेलंच नाही. कधीकाळी दोनशे प्रती निघाल्या असतील. बाईंना त्यांच्या मामांच्या पेटीत एक मिळाली.

मी असलं पुस्तक जन्मात वाचलेलं नाही. शपथेवर सांगते.

संध्याकाळपर्यंत लेख सगळ्या कंपनीने वाचला होता. स्प्रिंग म्हणजे आमचा प्राण्यांना हालचाल देणारा पोरगेला माणूस, खुर्चीत कधी स्थिर बसत नाही म्हणून स्प्रिंग. तो येऊन हळूच म्हणाला, "ताई, मला सांगितलंस तर मी कोणाला नाही सांगणार." म्हणजे त्याचंही ठरलं.

६ फेब्रुवारी

शिक्षिकाबाईंना फोन केला. आवाज गोड, पण समोरच्याला सोडणारा नाही.

"रागावू नका," त्या म्हणाल्या. "चोरी म्हणून नाही लिहिलं मी. मला वाटलं, हे पुस्तक आवडणारं आणखी कोणीतरी भेटलं."

"मी वाचलेलंच नाही."

"मग करकरी हे नाव?"

पुस्तकात बाकी कोणाला नाव नाही म्हणे. एकटीलाच आहे. करकरी.

त्यांनी पानांचे फोटो पाठवले. मी ऑफिसच्या जिन्यात बसून वाचले. टेबलावर वाचायची हिंमत झाली नाही. वाकड्या अगदी तस्सा. थेंबसुद्धा. पुढे चौथा येतो: भिंतीवर टांगलेला, काळा, आतून फक्त फासळ्या उजळतात. पाचवा: लांब नळीच्या टोकाला थंडगार कान, तो पाठीला लावून ऐकतो आणि मान हलवतो.

चौथा आणि पाचवा अजून कोणालाच दाखवलेले नाहीत. माझ्या खणात आहेत, कुलपात. जिन्यातून उठून मी आधी जाऊन कुलूप बघितलं. कुलूप जागच्या जागी. चित्रं जागच्या जागी. माझा थंडकान्या माझ्याकडे बघत होता आणि मला पहिल्यांदा माझ्याच चित्राची शिसारी आली. सोळा वर्षांत नाही आली कधी.

सहावा? बाईंच्या प्रतीतली शेवटची सोळा पानं निखळली आहेत. "सहावं असं म्हणून एक ओळ सुरू होते आणि पान संपतं," त्या म्हणाल्या. "मला फार चुटपुट आहे हो त्याची."

मला सुटल्यासारखं वाटलं. ते का, कळलं नाही.

७ फेब्रुवारी

फोटो पुन्हा नीट बघितले. पहिल्या पानाच्या तळाशी छापखान्याचं नाव आहे. बाबांचा छापखाना!

बाबा संत्रं सोलत होते. विचारलं, 'भेटीला आलेले' म्हणून काही आठवतं का?

"शेकडो पुस्तकं छापली. एकेक कुठे लक्षात ठेवू?"

ज्या माणसाला तीस वर्षांपूर्वीच्या पंचांगातली ऱ्हस्व-दीर्घाची चूक पान क्रमांकासकट आठवते तो हे म्हणतोय. आणि संत्र्याची फोड बशीत ठेवून साल तोंडात घातली. म्हातारपण, दुसरं काय. डोळे सुधारले तर आता लक्ष कमी व्हायला लागलं.

११ फेब्रुवारी

वकीलबाईंनी बोलावलं. माझी वही समोर उघडी. पाचही प्राण्यांपुढे एकच शब्द, डोक्यातून.

"माझा तुमच्यावर विश्वास आहे," त्या म्हणाल्या. त्यावरूनच कळलं की नाही. "पण लेखकाचे वारस उद्या दारात उभे राहिले तर खेळ बाहेर काढता येणार नाही. चाळीस माणसांची तीन वर्षं पाण्यात. आपणच आधी वारस शोधू आणि रीतसर परवानगी मागू."

सेनापती म्हणाले, "तोवर तू सहावा काढ. आणि तो तरी स्वतःचा काढ."

स्वतःचा. घरी येईपर्यंत तो शब्द चपलेत खडा गेल्यासारखा टोचत होता.

१४ फेब्रुवारी

आता हे प्राणी कुठेही दिसतात. बँकेत रांगेशेजारचा पंखा मान वाकवून उभा. दवाखान्यासमोरून जाताना आतून काहीतरी करकरत गेलं आणि मी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला गेले, भर दुपारी, माणसांच्या गर्दीत. माझं वय सेहेचाळीस आहे. मी लोकांना घाबरवून पोट भरते.

एक विचार पाठ सोडत नाही. मी आजवर जे जे काढलं, ते मी काढलं की कोणी माझ्याकडून काढून घेतलं?

२० फेब्रुवारी

आज घरी जे घडलं ते घडलं तसं लिहिते.

वकीलबाईंना छापखान्याचा माग लागला. छापखाना बंद, मालक वारले, कामगारांपैकी हयात एकच. बाबा. ते माझे वडील हे कळल्यावर वकीलबाईंनी भुवया वर केल्या, पण आल्या. सकाळी अकराला. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. मी चहा ठेवायला आत गेले. स्वयंपाकघरातून सगळं ऐकू येतं.

"हे पुस्तक तुमच्याकडे छापलं गेलं?"

"हो."

माझ्या हातातला चमचा थांबला. मला शेकडो पुस्तकं म्हणून सांगितलं होतं.

"लेखक कोण होते?"

"होती. बाई होती. छातीच्या रोगाच्या रुग्णालयात अडीच वर्षं होती. तिथेच पडल्या पडल्या वह्यांत लिहिलं. पुस्तक निघालं तेव्हा ती नव्हती."

"त्यांचे कोणी वारस आहेत?"

"दोन आहेत." बाबा खाकरले. "एक मी. दुसरी चहा करतेय."

मी ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा दोघं माझ्याकडे बघत होते. वकीलबाईंनी उठून माझ्या हातातून ट्रे घेतला. बरं झालं घेतला.

आई तापाने गेली असं मला सांगितलेलं होतं. मी साडेपाच वर्षांची होते. तेवढंच. घरात एक फोटो आणि बाकी शुकशुकाट.

"तू ऐकलंयस ते पुस्तक," बाबा म्हणाले. माझ्याकडे न बघता, वकीलबाईंना सांगितल्यासारखं. "प्रुफं मी घरी आणली होती. दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायची नव्हती. तुझी आत्या मूळ वही मोठ्याने वाचायची आणि मी छापलेलं तपासायचो. सगळं वाचायचं असतं, स्वल्पविरामसुद्धा. तिला कंटाळा यायचा म्हणून ती स्वल्पविरामाला जिभेने टक् करायची. तू टेबलाखाली पडलेली असायचीस. आम्हाला वाटलं, झोपलीयस."

वकीलबाई चहा न पिता गेल्या. जाताना माझ्या पाठीवर हात ठेवला. गार होता हात. मी दचकले. त्यांना वाईट वाटलं असेल.

२१ फेब्रुवारी

बोलले नाही.

२२ फेब्रुवारी

बोलले नाही. बाबांनी स्वतःच भात लावला, करपवला, करपलेलाच जेवले.

ऑफिसात मात्र सगळ्यांचे चेहरे बदललेत. चोर होते, आता बिचारी झाले. चोर बरी होते.

२३ फेब्रुवारी

रागाने विचारलं शेवटी. वाकड्या म्हणजे काय?

"सलाईनचा स्टँड."

बिनतोंडी?

"नर्सबाया. तोंडाला फडकं बांधायच्या."

करकरीचं मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. "एकच ढकलगाडी होती त्या मजल्यावर. चाकाला तेल नव्हतं. ती आली की सगळ्या खाटा गप्प व्हायच्या."

फासळ्यांचा फोटो, डॉक्टरांची नळी. मी पाच प्राणी पाच महिने घासून पुसून भयंकर केले आणि ते सगळे तिला रोज भेटायला येत होते. खेळात त्यांना मारल्यावर एक घंटी वाजते. लोक लिहितात की ती घंटी ऐकायला फार मजा येते.

"आणि सहावं?" मी विचारलं.

बाबा उठून गॅलरीत गेले. कपडे वाळले होते ते काढले, घड्या केल्या. माझ्या ओढणीची घडी चार वेळा केली.

२ मार्च

आज स्वतःहून म्हणाले, "कागद घे."

मी समोर बसले. त्यांनी डोळे मिटले आणि सांगायला लागले. मुद्रितशोधक सांगतो तसं. मी जसंच्या तसं उतरवलं:

"सहावं रविवारी येतं स्वल्पविराम चारच्या उन्हात पूर्णविराम त्याला दोन डोकी आहेत स्वल्पविराम एक वर स्वल्पविराम एक खाली स्वल्पविराम आणि दोघांच्या मधे एकच हात पूर्णविराम ते कठड्यापलीकडे थांबतं पूर्णविराम बाकीचे पाचही माझ्या अंगाला हात लावतात अर्धविराम याला मी हवी आहे की नको ते कळत नाही पूर्णविराम मी हात करते पूर्णविराम ते करत नाही पूर्णविराम त्या पाचांची आता भीती वाटत नाही पूर्णविराम याची वाटते स्वल्पविराम ते वळून पाठमोरं होतं तेव्हा पूर्णविराम"

पुढे आणखी बरीच पानं होती. ती नीट सांगता येईनात.

"आपण दोघं," ते म्हणाले.

मला ते कळलंच होतं. तरी तेही मी कागदावर उतरवलं.

दर रविवारी ते मला घेऊन जायचे. मला काही म्हणजे काहीच आठवत नाही. लहान मुलांना आत सोडत नसत. खिडकीपासून चारपाच पावलांवर लोखंडी कठडा होता, तिथे उभं राहायचं. "तू काचेत बघून रिबीन नीट करायचीस," बाबा म्हणाले. "तुला वाटायचं, आरशाकडे न्यायला आणलंय."

"आणि आई?"

"ती खिडकीत येतच नव्हती." मग एकदम चढ्या आवाजात, जसे ते छापखान्यात लेखकांशी भांडत असतील तसे, "ती ओळ खोटी आहे. 'मी हात करते.' अडीच वर्षं उभा राहिलो मी त्या कठड्याशी. एकदाही केला नाही. नर्सबाई म्हणायच्या, रविवारी त्या खिडकीपासून हलत नाहीत. समजूत घालायचं बोलणं, कळतं की. तिला तिथे ठेवायच्या कागदावर सही मी केली होती. त्याचा राग होता तिला. असू दे. पण पुस्तकात मग हात कशाला केला?"

"तुम्ही ती ओळ काढली का नाहीत?"

"मी मुद्रितशोधक होतो. लेखकाचं वाक्य बदलायचा मला अधिकार नव्हता." मग म्हणाले, "तुला काय सांगणार होतो? तुझी आई तुला बघायला उठत नव्हती, हे?"

५ मार्च

सहावं काढलं. एका बैठकीत. खोडरबर हातात घेतलंच नाही. एक डोकं वर, एक खाली, मधे हात. डोळे काढले तेव्हा कळलं की ते बघणाऱ्याकडे बघत नाहीत, जरा अलीकडेच थांबतात. मी मुद्दाम तसं केलं नव्हतं. बदलूनही पाहिलं, मग जिवंत वाटेना. तसेच ठेवले.

सेनापतींनी कागद हातात घेतला आणि खिडकीपाशी नेऊन बघितला. मोहीम हा शब्दसुद्धा काढला नाही.

९ मार्च

स्प्रिंगने सहाव्याला हालचाल दिली. फार सुरेख दिली, त्याचा दोष नाही. कठड्यामागे ते नुसतं उभं राहतं, भार एका पायावरून दुसऱ्यावर घेतं, खालचं डोकं मधेच कंटाळतं.

"आता मारून बघू," तो म्हणाला. "सांधा दिसला की खेळणारा तिथेच घाव घालणार. म्हणून मी जीव मधल्या हातात ठेवलाय. हात तुटला की दोन्ही डोकी मरतात."

त्याने बटण दाबलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा हात तुटला. खालचं डोकं आधी पडलं.

घंटी वाजली.

मी उठून बाहेर गेले. नळावर तोंड धुतलं. परत आले आणि म्हटलं, सहावं देणार नाही.

११ मार्च

सेनापती, वकीलबाई, मी. दीड तास.

"पाचांची परवानगी मी लिहून देते," मी म्हटलं. "आईचं नाव मात्र पहिल्या पडद्यावर, मोठ्या अक्षरात. आणि मारल्यावरची घंटी काढा. सहावं नाही."

सेनापती चिडले. मग मऊ झाले, मग परत चिडले. "अगं, सगळ्यात चांगलं तेच आहे! नकार देतेयस ती डिझायनर म्हणून की वारस म्हणून?"

"ज्याचा नकार जास्त चालेल तो धरा."

वकीलबाईंना हसू आलं. त्यांनी मान खाली घालून लिहून घेतलं. शेवटी असं ठरलं की सहावा प्राणी दुसरा कोणीतरी काढेल. बहुतेक मोठे दात असलेला.

माझ्या जागेवर परतले. वाटलं होतं हलकं वाटेल. वाटलं नाही. डोळे मिटले की ते दोन डोक्यांचं अजून कठड्यापाशी उभं असतं. आता ते कुठल्याही खेळात नाही, म्हणून बहुतेक माझ्याकडेच येतं.

२५ एप्रिल

खेळ बाहेर पडला. शिक्षिकाबाईंचा लेख आला. आईबद्दल दोन परिच्छेद फार जपून लिहिलेत. शेवटी लिहिलंय, "सहावा प्राणी मात्र कुठल्याच पुस्तकातून आलेला दिसत नाही आणि ते जाणवतं."

बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी त्यातली व्याकरणाची एक चूक काढली. आईचं नाव आलेली ओळ पुन्हा वाचायला सांगितली.

९ मे

आज बाबांना दाताच्या डॉक्टरकडे जाते म्हणून सांगितलं आणि ते रुग्णालय शोधायला गेले. का गेले ते आत्ताही नीट सांगता येणार नाही. सहावं पाठ सोडत नाही म्हणून, असं म्हणते.

घरापासून लांब नाहीच. गाडीने पंधरा मिनिटं. इतकी वर्षं याच शहरात राहते आणि त्या रस्त्याने कधी गेले नाही. नेलंच गेलं नाही.

रुग्णालय केव्हाच बंद झालंय. खालच्या मजल्यावर आता शिवणकामाचे वर्ग चालतात. खाटा होत्या तिथे शिलाईची मशीनं, वीसेक बाया, कापडाचे तुकडे जमिनीवर. वर्ग घेणाऱ्या बाईंना सांगितलं की माझी आई इथे होती. त्यांनी एका मुलीला खिडकीजवळच्या मशीनवरून उठवलं आणि मला तिथे बसवलं. काही विचारलं नाही.

उंच खिडक्या, जुन्या जाड काचा, पश्चिमेकडे तोंड. बाहेर अरुंद अंगण आणि पलीकडे तो कठडा. गंजलाय, पण आहे. पावणेचार वाजले होते. ऊन समोरून येत होतं.

कठड्याबाहेरून एक बाई चालली होती, हातात पिशवी. माझ्यासमोर आली आणि थांबली. सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. मी ओळख असल्यासारखी हसले. ती हसली नाही. तिने पिशवी खाली ठेवली, केसांतली पिन काढून दातात धरली, केस सारखे केले, पिन परत लावली, मान या बाजूला त्या बाजूला वळवून पाहिलं.

मी हात वर केला. तिच्याकडे बघत हलवला. ती ओठांवरून बोट फिरवत होती.

"बाहेरून आतलं काही दिसत नाही हो," मशीनवरून उठवलेली मुलगी म्हणाली. "दुपारी तर नाहीच. सगळे येऊन भांग पाडतात. आम्ही हसत बसतो."

बाई पिशवी उचलून गेली.

मी बाबांना फोन लावला. त्यांनी उचलल्यावर मला काय बोलायचं ते सुचेना. म्हटलं, "बाबा, ती ओळ बरोबर आहे."

त्यांनी 'कुठली' असं विचारलं नाही. मागे मशीनं चालू होती. ती त्यांना ऐकू येत असणार.

"तू कुठे आहेस?"

"आत. खिडकीत."

मग, "ऊन कुठे आहे?"

"काचेवर."

"थांब तिथे," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

सव्वाचारला आले. इस्त्रीचा सदरा. गाडीवाल्याला थांबायला सांगितलं, रस्ता विचारला नाही, सरळ येऊन कठड्याशी उभे राहिले. इतके बारीक झालेत ते मला घरात कधी दिसलं नव्हतं. त्यांनी एका खिडकीकडे बघितलं, दुसरीकडे, मग कपाळावर हात आडवा धरून सगळ्या रांगेकडे. मी उभी राहून दोन्ही हात हलवत होते. मशीनं एकेक करून थांबली.

त्यांना मी दिसत नव्हते. त्यांना फक्त एक म्हातारा दिसत असणार.

मग त्यांनी एक हात कठड्यावरून काढला आणि हळूहळू वर केला. माझ्या नाही, शेजारच्या खिडकीकडे बघून. आणि तसाच धरून ठेवला, खांदा दुखत असणार तरी, त्या काचेवरून ऊन सरकेपर्यंत.